पाणी सोडलं, म्हणजे नेमकं काय केलं?

मंडळी, आज एका साध्या वाक्यापासून सुरुवात करू. 'पवनी वैनगंगेवर वसली आहे.' भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलाला विचारा, पवनी पाण्यावर तरंगते का? ते हसेल. शब्द म्हणतो 'नदीवर', मूल समजतं 'नदीकाठी'. संस्कृत शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण जवळपास हेच आहे. फक्त तिथे गंगा आहे आणि तिच्यावर गवळ्यांची वस्ती. शब्दाचा सरळ अर्थ, म्हणजे वाच्यार्थ, जिथे अडतो, तिथे त्याला लागून असलेला दुसरा अर्थ आपण धरतो. ही लक्षणा. नाव परीक्षेपुरतं, अर्थ अडतो कुठे, हे ओळखता आलं पाहिजे.

मुलांचे मार्क इथेच जातात. आपण वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेतो ना! 'पाणी सोडणे, म्हणजे हक्क किंवा आशा सोडून देणे.' मग वाक्यात उपयोग करा म्हटलं की मूल लिहितं, 'बाबांनी बांधीत पाणी सोडलं.' वाक्य खरं आहे. धानाच्या बांधीत पाणी सोडतातच. पण अर्थ कुठे अडला? आता हे बघा: 'काकांनी आपल्या हिश्श्यावर पाणी सोडलं.' हिश्श्यावर पाणी कसं ओतणार? अडलं! दान देताना हातावरून पाणी सोडायची रीत आहे. पाणी सोडलं, की वस्तूवरचा हक्क संपला. ही रीत एकदा सांगितली, की पाठांतर लागत नाही.

आता जरा अवघड जागा. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, आणि पुढे जिल्ह्यातली कितीतरी गावं बुडीत क्षेत्रात गेली. अशा गावातलं कुणी म्हणालं, 'आमच्या गावावर पाणी सोडलं,' तर वाच्यार्थ कुठेच अडत नाही. गाव खरोखरच पाण्याखाली गेलं. तरीही ऐकणाऱ्याला आणखी काही ऐकू येतं: आमची आशाच सोडली. सरळ अर्थ शाबूत ठेवून असा दुसरा अर्थ सुचतो, त्याला व्यंजना म्हणतात.

आणि या वाक्यात कर्ता नाही, पाहिलंत? वर्गात मुलांना तो भरायला सांगा. आधी 'आम्ही' घालू द्या, मग 'धरणवाल्यांनी'. दोन्ही वेळा अर्थ विचारा.