पिंपरीची फिर्याद आणि दाते साहेब

सदानंद दाते यांच्या शौर्याबद्दल आमच्या मनात शंका नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यात लहानपणी घरोघर वर्तमानपत्रे टाकून ते शिकले, १९९० च्या तुकडीतून पोलीस सेवेत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात मूठभर सहकाऱ्यांसह कसाबसमोर उभे राहिले, हातबॉम्बच्या तुकड्यांनी रक्तबंबाळ झाले, पण हटले नाहीत. जवळच्याच गल्लीत हेमंत करकरे धारातीर्थी पडले. पुढे दाते राज्याच्या एटीएसचे प्रमुख झाले आणि मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एनआयएच्या, महासंचालकपदी नेमले गेले.

ही एनआयएही त्याच रात्रीतून जन्मली. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने कायदा केला. राज्याची संमती नसली तरी केंद्राला तपास आपल्या हाती घेता येतो, ही त्यातली खरी ताकद. रशियात बोर्तनिकोव २००८ मध्येच एफएसबीच्या खुर्चीवर बसले आणि दीड दशकाहून अधिक काळ बसून राहिले. आपल्याकडे प्रमुख बदलतात, हत्यार तेच राहते.

ते चालले कुणावर? पिंपरी-चिंचवडच्या बांधवांना २ जानेवारी २०१८ आठवत असेल. आदल्या दिवशी भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर दगड पडले होते. पिंपरी ठाण्यात मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांच्याविरुद्ध अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद नोंदली गेली आणि शिक्रापूरला वर्ग झाली. एकबोटेंना मार्चमध्ये अटक, एप्रिलमध्ये जामीन. भिडेंना अटक झालीच नाही. आठवडाभरात पुण्याच्या विश्रामबाग ठाण्यात एल्गार परिषदेविरुद्ध दुसरी फिर्याद आली. तिला मात्र पाय फुटले! राज्यात सत्ता बदलून फेरतपासाची भाषा सुरू होताच जानेवारी २०२० मध्ये केंद्राने ती एनआयएकडे दिली. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना हजर व्हावे लागले ते १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला जामिनाची वाट पाहत गेले.

या अटका दाते यांच्या काळातल्या नव्हेत, हे मान्य. पण खटला त्यांच्याही काळात संपला नाही. जानेवारी २०२६ मध्ये ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. शिक्रापूरचे ठाणे राज्य पोलिसांचेच आहे. चाकण-शिक्रापूर रस्त्याने दरवर्षी विजयस्तंभाकडे जाणारे आमचे कामगार याच ठाण्याच्या हद्दीतून जातात. पिंपरीहून आलेल्या त्या फिर्यादीचे पुढे काय झाले, हे दाते साहेबांनी एकदा फाईल मागवून आम्हाला सांगावे.