निकाल लागला, शेरा राहिला

‘गु.र.नं. अमुक, भादंवि कलम ३२५, ५०४, ५०६, न्यायप्रविष्ट.’ चारित्र्य पडताळणीच्या अहवालात एवढी एक ओळ आली की हाताशी आलेली नोकरी अडते. बांधावरून भावकीत मारामारी होते, फिर्याद देताना समोरच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं घातली जातात आणि त्यात कॉलेजात शिकणारा पोरगाही येतो. पुढे चुलते-पुतणे शहाणे होतात, कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. अशा तडजोडीने मिटलेला खटला म्हणजे कायद्याच्या लेखी निर्दोष सुटकाच. तरीही काही वर्षांनी पोरगा भरतीला उभा राहतो, तेव्हा अहवालात ‘न्यायप्रविष्ट’ तसंच असतं.

बहुतेक वेळा कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नसतं. गुन्हा नोंदला जातो ठाण्यात आणि निकाल लागतो कोर्टात. या दोहोंमधला दुवा म्हणजे कोर्टाच्या पैरवीला नेमलेला अंमलदार. त्याने निकाल ठाण्यात आणायचा, मग तो रजिस्टरला आणि सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत चढायचा. हे राहिलं, तर कोर्टात संपलेला खटला ठाण्याच्या दप्तरी चालूच राहतो. पडताळणी करणाऱ्याला दिसतं ते दप्तर.

म्हणून दाखला देणाऱ्या खिडकीवर भांडून फार काही हाती लागत नाही. तिथला कर्मचारी ठाण्याकडून आलेली ओळ पुढे पाठवतो. ती बदलायची तर जिथे गुन्हा दाखल झाला, त्या ठाण्यातच जायला हवं, मग तुम्ही आज पुण्यात राहत असाल आणि ठाणं लातूर जिल्ह्यात असेल तरीही. जाताना हातात निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हवी. मोबाइलवरचा ई-कोर्ट्सचा स्क्रीनशॉट खटला शोधायला कामाचा, पुरावा म्हणून नाही. नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते, जुनं प्रकरण असेल तर रेकॉर्ड रूममधून काढावी लागते. वकील हयात नसतील, खटल्याचा नंबर आठवत नसेल, तर ठाण्याचा गुन्हा नंबर आणि साल यावरून माग काढता येतो. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एकीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरून चालावं. नोंद होत नसेल, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे, आणि नोंद झाली की सुधारित अहवालाची लेखी मागणी.

खटला कोर्टात गेलाच नाही, अशा प्रकरणांचा गुंता जास्त असतो. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या काळापासून ‘समरी’ची पद्धत आहे. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा हाती नाही. ‘ब’ म्हणजे फिर्यादच आकसाने केलेली, खोटी. ‘क’ म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी वादाची. तपास अधिकारी सांगतो, ‘तुमचं मिटलं, समरी पाठवली,’ आणि माणूस निर्धास्त होतो. पण समरी मंजूर करतो तो न्यायदंडाधिकारी, आणि तो आदेश होईपर्यंत प्रकरण उघडंच राहतं. तेव्हा नक्कल मागायची ती या मंजुरीच्या आदेशाची. अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, ही वेगळी गोष्ट. तिच्यावरून ‘गुन्हा दाखल आहे’ असं अहवालात आलं असेल, तर हरकत घ्यावीच.

पासपोर्टच्या बाबतीत कायदा लोकांना वाटतो तेवढा कडक नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातलं कलम ६(२)(च) फौजदारी कोर्टात प्रलंबित कारवाईबद्दल बोलतं. नुसता एफआयआर असणं आणि तपास चालू असणं यात बसत नाही, हे परराष्ट्र मंत्रालयानेही २०१९ च्या कार्यालयीन पत्रकात स्पष्ट केलं आहे. खटला खरोखर चालू असेल, तरी १९९३ च्या अधिसूचनेनुसार कोर्टाची परवानगी आणून पासपोर्ट मिळतो, आणि कोर्टाने मुदत सांगितली नसेल तर तो एक वर्षाचा. त्यामुळे प्रतिकूल अहवालावरून कारणं विचारणारं पत्र आलं की गप्प बसू नये. निकालाची नक्कल जोडून उत्तर द्यावं आणि फेरपडताळणी मागावी.

आता एक कटू गोष्ट. ‘निर्दोष सुटलो म्हणजे काही झालंच नव्हतं,’ असं समजून कित्येक जण साक्षांकन नमुन्यात ‘नाही’ लिहितात आणि तिथेच फसतात. प्रश्न ‘सध्या खटला प्रलंबित आहे का’ असा असेल तर ‘नाही’ बरोबर. पण ‘कधी अटक झाली होती का’ असं विचारलं असेल, तर उत्तर ‘होय, निर्दोष मुक्त’ असंच. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हेच सांगितलं की माहिती खरी द्यावी, आणि उमेदवाराने काही लपवलं असेल तरी गुन्ह्याचं स्वरूप न पाहता नेमणूक रद्द करू नये. कोवळ्या वयात दिलेल्या घोषणांसारखी किरकोळ बाब माफ करता येते, हेही त्या निकालात आहे. दुरुस्ती मागताना म्हणूनच मागायचं ते ‘निकाल नोंदवा’ एवढंच. नोंद समूळ पुसून मिळण्याची सोय आपल्याकडे जवळजवळ नाही. अपवाद आहेत. अल्पवयात घडलेल्या कृत्याचा शिक्का बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ मुळे सहसा पुढे अपात्रता ठरत नाही. बोटांच्या ठशांसारखी मापं २०२२ च्या कायद्याने ७५ वर्षं ठेवता येतात, पण आधी कधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलं संपली, तर कोर्टाने वेगळा आदेश दिला नसल्यास ती नष्ट करायची असतात.

उरतो नामसाधर्म्याचा घोळ. खासगी कंपन्यांसाठी पडताळणी करणाऱ्या संस्था कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधतात, आणि एकाच नावा-आडनावाची माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. अशा वेळी ‘तो मी नव्हेच’ म्हणून थांबू नये. त्या खटल्याचा सोळा अंकी सीएनआर क्रमांक लेखी मागावा आणि आरोपीचं वडिलांचं नाव, वय, पत्ता कागदावरून ताडून द्यावा. पोलिसांच्याच अहवालात असा घोळ असेल, तर गुन्ह्यातल्या आरोपीच्या ठशांशी आपले ठसे पडताळून पाहावेत, असा अर्ज करावा. तोही दोन प्रतींत.