चिन्ह कुठे चुकलं?

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत ऋण टोक ऑक्सिजनचंच असायला हवं. पण १९५८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रोझेनब्लम, नेदरकॉट आणि पुढे मेसरसाठी नोबेल मिळवणारे चार्ल्स टाउन्स यांनी ताडून पाहिलं, तर निकाल उलटा लागला. ऋण टोक कार्बनचं!

कोणतं टोक ऋण हे सांगणारं चिन्ह सहजासहजी हाती लागणारं नव्हतं. विद्युतक्षेत्रात रेणूच्या वर्णपटरेषा सरकतात, त्यावरून डायपोल मोमेंट, म्हणजे दोन टोकांमधली प्रभाराची फारकत, किती ते कळतं. पण ते सरकणं मोमेंटच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे दिशा कळत नाही. या तिघांनी समस्थानिक बदलले. अणू जड झाला की रेणूचं वस्तुमानकेंद्र किंचित हलतं आणि फिरणाऱ्या रेणूचं इवलंसं चुंबकत्व बदलतं. त्या बदलातून त्यांनी ऋण टोक हुडकलं. इतकी देखणी युक्ती क्वचितच वाचायला मिळते.

मोमेंटचं मूल्य जेमतेम ०.११ डीबाय. अख्खा एक इलेक्ट्रॉन या टोकाहून त्या टोकाला गेला असता, तर १.१३ अँगस्ट्रॉम अंतराला ५.४ डीबाय भरले असते. बंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकतात हे खरंच. पण कार्बनवरची बंधाबाहेरची जोडी पाठीमागे फुगलेली असते आणि तो झुकाव पुरता फेडून वर थोडं उरवते. लाखांच्या देण्याघेण्यात उरलेली चिल्लर ती हीच.

विनिफ्रेड हुओ यांनी १९६५ मध्ये हार्ट्री-फॉक पद्धतीने अतिशय काटेकोर गणित केलं. उत्तर आलं ०.२७ डीबाय, आणि ऋण टोक ऑक्सिजन! प्रयोग खोटा की गणित?

त्या पद्धतीत प्रत्येक इलेक्ट्रॉनला इतरांचं फक्त सरासरी क्षेत्र जाणवतं. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवत फिरतात. १९६७ मध्ये ग्रिमाल्दी, लकूर आणि मोझेर यांनी अनेक इलेक्ट्रॉन-रचनांचं मिश्रण घेऊन गणित पुन्हा मांडलं. दोन इलेक्ट्रॉन एकदम वर उचललेल्या रचना ऊर्जा सुधारतात. एकच इलेक्ट्रॉन उचललेल्या रचनांचा ऊर्जेतला वाटा नगण्य, म्हणून त्या सहज गाळल्या जाण्यासारख्या. पण इलेक्ट्रॉनांची वाटणी त्याच बदलतात. त्या धरल्या आणि चिन्ह फिरलं: ऋण टोक कार्बनचं, टाउन्स आणि सहकाऱ्यांनी सांगितलं होतं तसंच.