गिटारच्या पट्टीचा फर्मा कशाचा असावा?

मिरजेचे सतारमेकर आपल्या वाचकांना परिचित आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांचा हुन्नर हाती घेतला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर थोडा चुकला तर पडदा बोटाने सरकवून तो दुरुस्त करता येतो. गिटारमध्ये ही सोय नाही. तिचा पडदा, म्हणजे फ्रेट, शिसवीच्या पट्टीत करवतीने खाच पाडून ठोकून बसवतात. खाच चुकली की पट्टी वाया गेली.

टेंभुर्णीसारख्या गावात दारे, खिडक्या आणि दिवाण करणाऱ्या सुतार बांधवाला ही पट्टी रंधून तयार करणे मुळीच अवघड नाही. अडते ते खाचांच्या अंतरापाशी. म्हणून काम नगावर घ्यायचे असेल तर आधी फर्म्याचा विचार करावा.

अंतराचा हिशेब असा आहे. नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे सतारीच्या भाषेत घोडीपर्यंत, तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरू. तिला १७.८१७ ने भागले की पहिल्या फ्रेटचे अंतर येते, ३६.३७ मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागले की दुसरा फ्रेट मिळतो. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर आला पाहिजे. पूर्वी १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागत. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेन्झो गॅलिली यांनी १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात हाच नियम दिला आहे. त्या नियमाने बारावा फ्रेट दोन मिलिमीटरहून अधिक मागे राहतो.

अर्ध्या मिलिमीटरची चूक दरवाज्याच्या चौकटीत कोणी विचारणार नाही. गिटारमध्ये ती पहिल्या फ्रेटवर एक वेळ खपून जाते, पण एकोणिसाव्या फ्रेटवर तेवढीच चूक स्वराला जवळजवळ तिप्पट बिघडवते, कारण तिथे वाजणारी तार आखूड असते. शिवाय प्रत्येक खाच मागच्या खाचेपासून मोजली तर लहान लहान चुका साठत जातात. सर्व अंतरे नटपासूनच मोजावीत. फर्म्यामुळे हे काम एकदाच करावे लागते.

फर्मा वापरण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत फर्मा पट्टीवर ठेवून त्याच्या फटीतून करवत चालवतात. दुसरीत फर्मा पट्टीच्या खाली दुतर्फा टेपने चिकटवतात. करवतीच्या पेटीत एक पक्की सुई बसवलेली असते. फर्म्याच्या कडेची खाच त्या सुईत अडकवायची, कापायचे, मग पुढची खाच अडकवायची. पहिल्या पद्धतीत करवतीचे दात दर वेळी फर्म्याला घासतात. फर्मा मऊ असेल तर फट रुंदावते आणि लोखंडाचा असेल तर करवत बोथट होते. माझे स्पष्ट मत आहे की विक्रीच्या कामासाठी दुसरीच पद्धत घ्यावी. तिच्यात दात फर्म्याला लागत नाहीत, झीज होते ती फक्त सुईच्या खाचेची.

हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिला फर्मा मी घरी पडून असलेल्या प्लायचा केला होता. तीन-चार पट्ट्या उत्तम निघाल्या. नंतर प्लायचे पदर खाचांपाशी सुटू लागले, सुई हलू लागली आणि ते माझ्या ध्यानात आले नाही. आठपैकी चार पट्ट्या परत आल्या. चुकलेली खाच भुसा आणि सरसाने बुजवून शेजारी नवीन पाडता येते असे म्हणतात, पण तिथे फ्रेट घट्ट बसत नाही. शिसवी गेली, मजुरीही गेली.

एमडीएफची गत याहून बरी नाही. पावसाळ्यात ते फुगते आणि खाचेची कड भुसभुशीत होते. नमुना पाहण्यापुरते ते ठीक आहे.

ॲक्रिलिक लेझरवर स्वच्छ कापले जाते, स्वस्त पडते आणि आरपार दिसत असल्याने मांडणी सोपी जाते. दोन-चार गिटार करणाऱ्याला तेच पुरे. मात्र ते हातातून पडले तर खाचेपाशी तडकते. ते थिनरने कधीही पुसू नये, बारीक चिरा पडतात. उष्णतेने ॲक्रिलिक वाढते ही तक्रार खरी आहे. हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला तर ६४८ मिलिमीटरला सुमारे सव्वा ते दीड मिलिमीटर वाढ होते. स्टेनलेस पोलादात ती सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर असते. पण या वाढीचा बाऊ करू नये. सगळा फर्मा एकाच प्रमाणात वाढतो, त्यामुळे फ्रेटचे आपसांतले प्रमाण बिघडत नाही आणि ब्रिज किंचित सरकवून फरक भरून निघतो. झिजलेल्या खाचेचे तसे नाही. ती एकटीच चुकते आणि मग कशानेही जुळत नाही.

मधला उत्तम मार्ग म्हणजे हायलम, विजेच्या पॅनेलमध्ये वापरतात ती कडक तपकिरी शीट. त्यातही कापडाच्या थरांची घ्यावी, ती कागदाच्या थरांच्या शीटपेक्षा चिवट असते. दमटपणाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

धातूंपैकी साधे ॲल्युमिनियम मऊ असते, पोलादी सुईने त्यात दाब पडतो. पितळ चांगले, पण महाग. साधा लोखंडी पत्रा गंजतो. गंजू नये म्हणून तेल लावावे तर ते पट्टीला लागते, टेप धरत नाही आणि पुढे सरसही धरत नाही. कायम काम असेल तर दोन मिलिमीटर जाडीचा ३०४ प्रतीचा स्टेनलेस पत्रा घ्यावा. जालन्याचे पोलाद प्रसिद्ध आहे, परंतु तिथल्या गिरण्यांचा माल मुख्यतः बांधकामाची सळई, तिचा इथे उपयोग नाही. पत्रा व्यापाऱ्याकडून घेऊन लेझरवाल्याकडून कापून आणावा. खाच चौकोनी न ठेवता इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची मागावी. ती दोन्ही बाजूंनी सारखी झिजली तर सुई थोडी खोल जाते, पण मध्य सोडत नाही.

फर्मा हाती आल्यावर पैसे देण्यापूर्वी नटच्या खुणेपासून पाचवा, सातवा, बारावा आणि एकोणिसावा फ्रेट मोजावा. ६४८ च्या लांबीला हे आकडे अनुक्रमे १६२.५५, २१५.५१, ३२४ आणि ४३१.७६ यावेत. मोजमाप खाचेच्या मध्यापासून घ्यावे, कडेपासून नव्हे. पत्र्यावर लांबी कोरून घ्यावी, कारण शास्त्रीय गिटारची लांबी बहुधा ६५० असते आणि नुसत्या नजरेने ६४८ व ६५० चे फर्मे ओळखू येत नाहीत. दुसरा फर्मा लागला तर तो वापरातल्या फर्म्यावरून उतरवू नये, मूळ आराखड्यावरूनच कापून घ्यावा.