बचतीचा पॅच

पॅचच्या वर्णनात ‘जागा वाचेल’ किंवा ‘दुप्पट वेगाने चालेल’ असं दिसलं, की तो मी संध्याकाळी उघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना वाचते. टीममधली पोरं यावरून माझी चेष्टा करतात. करोत बापडी.

दुसऱ्यांचा कोड वाचणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग. प्रोग्रॅमरने केलेला बदल, म्हणजे पॅच, मुख्य कोडमध्ये जाण्याआधी आणखी कुणीतरी तो ओळ न ओळ वाचायचा, शंका काढायच्या आणि मगच ‘चालेल’ म्हणायचं, अशी रीत आहे. तिला रिव्ह्यू म्हणतात. माझ्या वाट्याला येतो तो फाइली साठवणारा कोड, तोही व्हर्जन कंट्रोलचा. सातबाऱ्यावर जमीन आज कुणाची ते दिसतं, आणि ती त्याच्यापर्यंत कशी आली ते फेरफाराच्या नोंदींत. व्हर्जन कंट्रोल म्हणजे कोडची फेरफार वही : कोणत्या फाइलीत कुणी, कधी, काय बदललं ते सगळं तिच्यात. स्क्रीनवरचं बटण बिघडलं तर वापरणारे तासाभरात बोंब मारतात. साठवणीतली चूक मात्र गप्प बसून राहते. काही वर्षांनी कुणी जुनी आवृत्ती मागतो तेव्हा ती उघडी पडते, आणि तोवर बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत जाऊन बसलेली असते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट ही व्हर्जन कंट्रोल व्यवस्था लिहायला घेतली. तेव्हाची साठवणीची पद्धत मुळात आजही तशीच आहे. मजकुरावर एसएचए-१ नावाचं गणित चालवायचं, त्यातून ४० अक्षरांचा ठसा निघतो. पहिल्या दोन अक्षरांचा फोल्डर, उरलेली ३८ अक्षरं हे फाइलीचं नाव. मजकूर तोच तर ठसा तोच, त्यामुळे एकच मजकूर शंभर ठिकाणी असला तरी ठेवायचा एकदाच. प्रत्यक्ष लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने फाइल तयार होते आणि ती पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव मिळतं. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल उरते खरी, पण तात्पुरत्या नावाची, आणि तिच्यावर कुणी विसंबत नाही. पॅचमध्ये मी आधी हा क्रम शोधते. प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारते : इथेच मशीन बंद पडलं तर डिस्कवर काय असेल?

त्यात एक मेख आहे. ऑपरेटिंग सिस्टिम ‘लिहिलं’ म्हणते तेव्हा मजकूर बहुधा मेमरीतच असतो. तो डिस्कवर उतरल्याची खात्री हवी असेल तर एफसिंक ही वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि ती वेळ खाते. वेग वाढवणाऱ्या पॅचमध्ये नेमकी हीच आज्ञा गळलेली सापडते. गिटने २०२२ मध्ये २.३६ या आवृत्तीत, कोणत्या प्रकारच्या फाइलींसाठी ही खात्री करून घ्यायची ते वापरणाऱ्याला ठरवता येईल अशी सोय केली. मला हे आवडलं. धोका पत्करायचा तर तो सेटिंगमध्ये लिहिलेला असावा, कुणाच्या हुशारीत दडलेला नसावा.

साफसफाईचंही तसंच. कोणत्याही नोंदीतून पोचता येत नाही अशा सुट्या फाइली गिट काढून टाकतं, पण सहसा दोन आठवडे थांबून. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, ‘‘कुणालाच नकोय तर लगेच का नाही उडवायचं?’’ म्हटलं, ‘‘अगं, नकोय असं तुला या क्षणी दिसतंय. शेजारच्या दुसऱ्या प्रोसेसने ती फाइल आत्ताच लिहिलेली असेल आणि नोंद करायची बाकी असेल.’’

पण बचतीबद्दलचा माझा संशय पक्का झाला तो वेबकिटच्या प्रकरणाने. अ‍ॅपलचा सफारी ब्राउझर ज्यावर चालतो ते वेबकिट. त्याचा कोड २०१७ मध्ये सबव्हर्जन या व्यवस्थेत होता. सबव्हर्जनने २००९ साली १.६ आवृत्तीत जागा वाचवायची युक्ती आणली होती : नव्या मजकुराचा एसएचए-१ ठसा आधीच्या एखाद्या मजकुराशी जुळला, तर नवा मजकूर पुन्हा ठेवायचाच नाही, जुन्याकडे बोट दाखवायचं. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी दोन पीडीएफ जाहीर केल्या. मजकूर वेगळा, ठसा मात्र एकच. आकारही सारखाच, ४,२२,४३५ बाइट. वेबकिटच्या कुणा प्रोग्रॅमरने त्या दोन्ही चाचणीसाठी वेबकिटच्या कोडमध्ये टाकल्या. उद्देश चांगला होता : अशा जोडीने ब्राउझर फसत नाही ना, ते पाहायचं. फसलं सबव्हर्जन. दुसरी पीडीएफ त्याने ठेवलीच नाही, पहिलीकडे बोट दाखवलं. परत वाचताना एमडी५ या दुसऱ्या ठशाशी पडताळणी होते. तो जुळेना, आणि काम अडलं.

२००९ मध्ये सबव्हर्जनचा तो बदल तपासताना मी काय विचारलं असतं? एसएचए-१ मधली फट शिआओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच कागदावर दाखवली होती, पण प्रत्यक्षात जुळणारी जोडी कुणाकडेच नव्हती. तेव्हा ‘असं कधी होणार?’ हे उत्तर पटण्यासारखंच होतं. तरीही एक प्रश्न स्वस्तातला होता : ठसा जुळल्यावर मजकूर एकदा ताडून पाहायला काय लागतं? ठसा रोज थोडाच जुळतो. जुळेल तेवढ्यापुरतंच वाचायचं, जागेची बचत तशीच राहते. २०१७ मध्येच आलेल्या १.९.६ या दुरुस्तीत सबव्हर्जनने हेच केलं.

गिट या दोन पीडीएफमुळे अडखळलं नाही. ठसा काढण्याआधी मजकुरापुढे त्याचा प्रकार आणि लांबी जोडायची ही त्याची जुनी रीत, त्यामुळे दोघींचे ठसे वेगवेगळे निघाले. याला संरक्षण म्हणणं भोळेपणाचं. ही जोडणी हिशेबात धरून नवी जोडी घडवता येतेच. म्हणून मे २०१७ मध्ये आलेल्या २.१३ आवृत्तीपासून गिटने मार्क स्टीव्हन्स आणि डॅन शुमो यांचा, असा डाव ओळखणारा एसएचए-१ कोड नेहमीसाठी घेतला.

त्या बदलासोबत आलेली चाचणी मी नव्या लोकांना आवर्जून उघडून दाखवते. त्या दोन पीडीएफपैकी एक गिटच्या सोर्स कोडमध्ये चाचण्यांच्या फोल्डरात ठेवलेली आहे. तिचा ठसा काढायला गिटने नकार दिला तरच ती चाचणी पास होते.