हिशेबाची नवी भाषा 'आर' : शिकायची तर कशावरून?

सिद्धेश्वर धरणाचा परिसर हा हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मोंढ्यातला आपला व्यापारी आजही भावाचा अंदाज आठवणीवर बांधतो. वहीत दहा वर्षांचे भाव पडून असतात, ते कोणी वाचत नाही.

ते वाचण्याचे साधन म्हणजे 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ती घडवली. पहिली पूर्ण आवृत्ती २००० साली आली. विशेष म्हणजे ती संपूर्ण मोफत आहे. म्हणून घरातील मुला-मुलीला ती शिकवताना हजारोंची फी भरण्यापूर्वी थोडे थांबावे.

सुरुवातीला आरच्या आतच चालणारा 'स्वर्ल' हा मोफत संच घ्यावा. तो प्रश्न विचारतो, चूक दाखवतो. पुढे हॅडली विकहॅम व सहकाऱ्यांचे 'आर फॉर डेटा सायन्स' हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येते. त्याची दुसरी आवृत्ती २०२३ची आहे. ऐकून शिकणाऱ्यांसाठी मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे आरवरील धडे आहेत. इंग्रजी कच्चे असेल तर दोघांनी मिळून बसावे.

साधन निवडण्याची कसोटी एकच : ते आपल्या वहीला लागू पडते का? समजा, पाच दिवसांचे भाव क्विंटलला १२, १२, १३, १३ आणि २५ हजार आहेत. सरासरी १५ हजार निघते. पण मधला भाव १३ हजारच! एका दिवसाच्या तेजीने सरासरी फुगली. त्या १५ हजारांच्या भरवशावर माल दाबून ठेवणारा फसेल. आरमध्ये 'मीन' व 'मीडियन' या दोन आज्ञांनी दोन्ही उत्तरे क्षणात मिळतात. परंतु कोणते उत्तर कधी धरायचे, हे जो धडा सांगत नाही तो कितीही महाग असो, आपल्या कामाचा नाही. नुसते प्रमाणपत्र देऊन आडतीवरचा तोटा भरून निघत नाही.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी अक्षरे किती वेळा येतात हे मोजून गुप्तलिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली. मोजणे हा आपलाच वारसा आहे. तेव्हा व्यापारी बंधूंनो, या हंगामात जुनी वही काढा, भाव संगणकात भरा आणि रोज अर्धा तास द्या. इन्शाअल्लाह, पुढचा सौदा आठवणीवर नव्हे, हिशेबावर होईल.