सागाचं जहाज, हळदूच्या फळ्या
छोटी जहाजं : भाग 14

बरगड्या उभ्या राहिल्या, तळकण्याशी काटकोनही तपासून झाले, तेव्हा या आठवड्यात फळ्या मारायच्या असं ठरलं होतं. त्या आता पुढच्या भागात मारू. मधल्या काळात रत्नागिरीच्या एका वाचकांचं पत्र आलं. त्यातला प्रश्न असा आहे, की त्याचं उत्तर दिल्याशिवाय पहिली फळी चिकटवण्यात अर्थ नाही.

ते लिहितात की, तुम्ही ‘ट्रिंकोमाली’ ही मुंबईत बांधलेली फ्रिगेट प्रतिकृतीसाठी निवडलीत, ती मलबारच्या सागाची होती हेही सांगितलंत. मग प्रतिकृतीसाठी सागाचं नाव का काढत नाही? आमच्या जुन्या घराचं सागवानी दार उतरवून ठेवलं आहे. शंभर वर्षं मुरलेलं लाकूड. त्याच्या फळ्या काढून सागाचं जहाज सागातच केलं, तर त्याहून खरी प्रतिकृती कोणती?

प्रश्नामागची भावना मला पूर्ण पटते. सागाबद्दल कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार! वाडिया घराण्याचे मास्टर बिल्डर जमशेटजी बोमनजी यांनी मुंबईच्या गोदीत या जहाजाचं काम 1816 मध्ये सुरू केलं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते पाण्यात उतरलं. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत जहाजांमागून जहाजं बांधून इंग्लंडात ओकची टंचाई झाली होती, म्हणून आरमाराची नजर मुंबईच्या सागाकडे वळली. इथल्या सागाने ती निवड सार्थ केली. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे-बोल्ट खाल्ले जातात. सागातल्या तेलाने ते उलट टिकतात. ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे आणि तिच्या अंगात मूळ सागाचा मोठा भाग अजून शाबूत आहे. पाण्यावर असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे. या लेखमालेसाठी मी तीच निवडली, त्याचं कारणही हेच.

तरीही प्रतिकृतीच्या फळ्या सागाच्या नकोत. हे मी आवडनिवड म्हणून सांगत नाही. पट्टी लावून पाहू.

दाराची एक फळी घ्या आणि तिचं टोक, म्हणजे जिथे करवतीने आडवं कापलंय ती बाजू, पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. भिंगातून पाहा. वर्षवलयं स्पष्ट दिसतील आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला छिद्रांची एक रांग दिसेल. वाढीच्या हंगामाच्या आरंभी सागात जी छिद्रं तयार होतात ती मोठी असतात, पाव मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या डोळ्यांनाही ती दिसतात. फळी उभी चिरली की हीच छिद्रं लांबच लांब खाचा होऊन पृष्ठभागावर येतात.

आता आपलं प्रमाण 1:48. म्हणजे खऱ्या जहाजावरचा एक फूट प्रतिकृतीवर पाव इंच होतो. ‘ट्रिंकोमाली’च्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे 150 फूट आणि रुंदी सुमारे 40 फूट, आपल्याकडे ती सव्वापंचाण्णव सेंटिमीटर लांब आणि पंचवीस सेंटिमीटरच्या थोडी वर रुंद उतरते. याच हिशेबाने उलट जा. सागाचं पाव मिलिमीटरचं छिद्र गुणिले 48, म्हणजे बारा मिलिमीटर. प्रतिकृतीकडे पाहणाऱ्याच्या डोळ्याला जहाजाच्या प्रत्येक फळीवर अर्ध्या इंचाच्या खाचा दिसणार, त्याही शेकड्यांनी. दोन वलयांमधलं अंतर चार-पाच मिलिमीटर असेल, तर ते वीस-चोवीस सेंटिमीटर होणार. दहा इंची फळी आपण सव्वापाच मिलिमीटरची करतो; म्हणजे तिच्या अख्ख्या रुंदीत जेमतेम एक वलय मावेल. एक फळी पिवळट, तिच्या शेजारची काळपट, तिसरीवर मधोमध पट्टा. असा साग कोणत्याही जंगलात कधी उगवला नाही. जहाजाचं लाकूड जहाजाबरोबर लहान होत नाही, ही या छंदातली पहिली गोष्ट आहे आणि माझ्या मते शेवटचीही.

हत्यारांचंही ऐका. सागात सिलिका असते, पात्याची धार बघता बघता जाते. तेलामुळे सरस नीट धरत नाही. चिकटवण्याआधी प्रत्येक कड ॲसिटोनने पुसावी लागते. दाराच्या चौकटीला त्याने काही फरक पडत नाही. पण दीड मिलिमीटर जाडीची फळी नाळेच्या वळणावर वाकवून धरलेली असते, तेव्हा सगळा भरवसा त्या कडेवर असतो.

हा पेच नवा नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडात आरमाराच्या जहाजांच्या ज्या देखण्या प्रतिकृती झाल्या, ज्यांना ‘नेव्ही बोर्ड मॉडेल्स’ म्हणतात, त्या बऱ्याचशा याच 1:48 प्रमाणातल्या आहेत. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आहे. ज्या जहाजांच्या त्या प्रतिकृती, ती ओकची होती. ओकचं लाकूडही सागासारखंच, वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं असलेलं. त्या कारागिरांच्या आजूबाजूला ओकला तोटा नव्हता. तरी त्यांनी हात घातला तो बॉक्सवुडला आणि नासपतीच्या लाकडाला. ही दोन्ही लाकडं इतक्या बारीक पोताची, की छिद्रं शोधायला भिंग लागतं. पाण्याखालचा भाग त्यांनी पुष्कळदा फळ्यांविना उघडा ठेवला, बरगड्या दिसाव्यात म्हणून, आणि तीनशे वर्षांनंतरही त्या बरगड्यांच्या कडा धारदार आहेत.

शिवाय आपल्या फ्रिगेटचा साग बाहेरून दिसतो तरी किती? हार्टलपूलला ती काळ्या रंगात उभी आहे, तोफांच्या झरोक्यांवरून पांढरा पट्टा. पाण्याखालच्या अंगाला तांब्याचे पत्रे. उरतं ते डेक आणि आतलं सामान.

तांब्याचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट सांगतोच. 1812 च्या अखेरीस ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट मुंबईत नेमणूक झालेल्या लेफ्टनंट जनरल हिस्लॉप यांना घेऊन पूर्वेकडे निघाली होती. तिच्या पोटात मुंबईच्या गोदीत तयार होणाऱ्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजासाठी तांब्याचे पत्रे होते आणि आपल्या ‘ट्रिंकोमाली’चे आराखडेही होते. 29 डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिची गाठ अमेरिकन फ्रिगेट ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. लढाईत ‘जावा’ची इतकी दुर्दशा झाली, की अमेरिकनांनी ती ताब्यात घेऊन जाळून टाकली. लढाईत ‘कॉन्स्टिट्यूशन’चं सुकाणूचं चक्र उडालं होतं, त्या जागी त्यांनी ‘जावा’चं चक्र काढून बसवलं. आराखड्यांचा दुसरा संच मुंबईला पाठवावा लागला. ‘कॉन्स्टिट्यूशन’ आजही बॉस्टनला तरंगते आहे. जिच्या तोफांमुळे ‘ट्रिंकोमाली’चे आराखडे गेले ती, आणि दुसऱ्या संचावरून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’, दोघीही दोनशेहून अधिक वर्षं पाण्यावर आहेत. जगभरच्या हौशी लोकांनी या दोघींच्या प्रतिकृती केल्या आहेत. एका टेबलावर त्या शेजारी शेजारी ठेवण्याची माझी इच्छा आहे.

तर, तांबं. त्या काळचा पत्रा चार फूट लांब आणि 14 इंच रुंद असे, जाडी मिलिमीटरच्या आसपास. 1:48 ला लांबी-रुंदी 25.4 बाय 7.4 मिलिमीटर होते, जाडी मात्र 0.02 मिलिमीटर. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलपेक्षा किंचितच जास्त. बाजारात मिळणारे अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे आणून कुणी खिळ्यांच्या डोक्यांसह चिकटवले, तर जहाजाच्या अंगावर इंचभर जाड चिलखत चढतं. इथेही खरं तांबं वापरलं म्हणून काम खरं होत नाही. खरं दिसायला हवं ते त्याचं पातळपण. म्हणून तांब्याची पातळ चिकटपट्टी घ्यावी, आणि खिळे उठवायचे झाले तर भिंगाखालीच दिसतील इतके हलके उठवावेत.

आता लाकडाची नावं. परदेशी पुस्तकांत बॉक्सवुड, नासपती, हॉली असं लिहिलेलं असतं आणि आपली मंडळी ते मागवण्याच्या खटपटीत महिने घालवतात. गरज नाही. वखारीत जाऊन हळदू मागा. कोकणात त्याच झाडाला हेद म्हणतात. लाकूड पिवळसर, पोत बारीक आणि सारखा, छिद्रं सूक्ष्म आणि सगळीकडे विखुरलेली. वलयं जवळजवळ दिसत नाहीत. रंध्याखाली ते रेशमासारखं निघतं, कड धारदार राहते, आणि उजेडात काही महिने राहिलं की पिवळेपणा जाऊन छान तांबूस-तपकिरी छटा येते. बाहेरच्या फळ्या, बरगड्या, तोफांचे गाडे, सगळं यात होतं. एकच पथ्य: नीट वाळलेलं घ्या. ओलं हळदू वाळताना अंगावर बारीक तडे धरतं.

कापडगिरण्यांच्या बॉबिनसाठी हळदू वापरत. भंगारबाजारात जुन्या बॉबिन अजून दिसतात. मधून भोक असल्याने फळी निघत नाही, पण कप्प्या आणि दोर ताणायच्या गोल लाकडी चकत्या करायला त्या उत्तम. अनेक दशकं वाळलेलं लाकूड पुन्हा हलत नाही.

डेकसाठी काळा कुडा. नाव काळा असलं तरी लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं. चन्नपट्टणची रंगीत खेळणी याच झाडाच्या लाकडाची होतात. घासून घासून पांढुरकं झालेलं डेक दाखवायला याहून चांगलं काही माझ्या पाहण्यात नाही. आतल्या सांगाड्यासाठी आणि नाळेजवळच्या भरावाच्या ठोकळ्यांसाठी शिवण: हलकं, सरळ, नवख्या हाताचंही ऐकणारं आणि हवेतल्या ओलीने फारसं न फुगणारं. कोकणातल्या पावसाळ्यात हा शेवटचा गुण सोन्याच्या मोलाचा आहे.

फळी कापायची रीत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या आठवड्यात हाताशी माल तयार असेल. हळदूची दोन मिलिमीटरची चीप करवतीने काढा आणि पॉलिश पेपरवर दीड मिलिमीटरपर्यंत उतरवा. मग पोलादी पट्टी लावून धारदार सुरीने सव्वापाच मिलिमीटरच्या पट्ट्या काढा. एका घावात नको, पाच-सहा हलक्या घावांत. लाकडाचे तंतू सुरीला आपल्या दिशेने ओढत असतील, तर चीप उलटी फिरवा. डेकच्या पट्ट्या आणखी पातळ चालतील, पण त्यांच्या एका कडेवरून 4बी पेन्सिल सावकाश फिरवा. दोन फळ्या भिडल्या की मधे केसाइतकी काळी रेघ राहते. खऱ्या डेकवर फळ्यांच्या फटीत दोराचे तंतू ठासून वर डांबर ओतलेलं असे, ते एवढंच दिसायला हवं. काळा दोरा किंवा जाड काळा कागद घातला, तर फटी प्रमाणाबाहेर रुंद होतात.

फळी नुसती चिकटवून थांबू नका. बरगडीला बांबूची मेखही ठोका. सोनार तार ओढायला वापरतात तशी भोकांची पोलादी पट्टी मिळते. बांबूची सालीलगतची काडी एकेका लहान भोकातून ओढत न्या, पाऊण मिलिमीटरपर्यंत ती सहज उतरते. सालीलगतचीच घ्या, गाभ्याकडचा बांबू भुसभुशीत असतो, मधेच तुटतो. जगभरचे नामांकित प्रतिकृतीकार मेखांसाठी बांबूच धुंडाळतात आणि आपल्या परसात तो उभा आहे.

राहिला रत्नागिरीच्या दाराचा प्रश्न. लाकूड कुठून आलं यालाच मोल असतं, अशी वेळ येते, आणि आपल्याच जहाजाच्या चरित्रात ती आली आहे. 1897 मध्ये नेल्सनचं एकेकाळचं ध्वजजहाज ‘फुद्रॉयां’ ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं. त्याच्या ओकच्या आणि तांब्याच्या आठवणवस्तू करून विकल्या गेल्या. लोकांनी त्या घेतल्या, कारण ते लाकूड नेल्सनच्या पायाखालचं होतं. जहाजाचे मालक जॉर्ज व्हीटली कॉब यांनी त्याच्या जागी भंगारात निघालेली ‘ट्रिंकोमाली’ विकत घेतली आणि तिला ‘फुद्रॉयां’ हेच नाव दिलं. आपली मुंबईकर फ्रिगेट जवळजवळ शतकभर त्या नावाने तरुणांना दर्यावर्दीपणा शिकवत राहिली. मूळ नाव तिला 1992 मध्ये परत मिळालं.

म्हणून दार मोडीत घालू नका, आणि त्याच्या चिंध्याही करू नका. त्यातून प्रतिकृतीची बैठक करा, ज्यात तळकणा बसतो ते दोन आधार करा, आणि काचेच्या पेटीची चौकट करा. तिथे साग आपल्या खऱ्या मापात राहील, वलयं आणि छिद्रं शोभून दिसतील, आणि घरातलं लाकूड जहाजाला खालून तोलून धरेल. जहाज मात्र हळदूचं.

पुढच्या आठवड्यात फळ्या मारणारच आहोत. तोपर्यंत एकदा वखारीत जाऊन या. भिंग बरोबर न्या, लाकडाचं आडवं टोक घासून पाहा, आणि ज्याची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात ते लाकूड कितीही सुंदर असलं तरी तिथेच ठेवा.